हैबतरावांची दाढ आणि दिवसाचा तिसरा प्रहर

मुळशीच्या वाटेवरच्या माले गावात दाढ काढायची म्हणजे पहाटे काढायची, चावडीच्या कट्ट्यावर काढायची आणि चार माणसांसमोर काढायची. यात फेरबदल नाही.

पहाटेचा नेम भिकू न्हाव्याच्या बापानं घालून दिलेला. चार माणसांचा नियम पंचांचा. भिकूच्या बापानं एकदा एका गृहस्थाची धडधाकट दाढ उपटून किडकी जागच्या जागी ठेवली होती. मग आपण बोट कुठल्या दाढेवर ठेवलं होतं यावरून त्या गृहस्थानं जो गलका केला, तो वर्षभर चालला. अर्थात त्याला बोलायला त्रास होत होता, म्हणूनच वर्षभर; एरवी दोन वर्षं चालला असता. शेवटी पंचांनी ठरवलं की इथून पुढं दुखरी दाढ आधी चार जणांना दाखवायची, चौघांनी बोट लावून खात्री करायची आणि मगच भिकूच्या घराण्यानं चिमट्याला हात घालायचा. चार जणांची बोटं तोंडात फिरल्यावर निम्मे लोक दाढ बरी झाली म्हणून घरी परत जायचे. तेवढा नियमाचा फायदाच.

चार माणसं मात्र कधी आली नाहीत. चाळीस यायची. आणि त्या चाळिसांत उजव्या कोपऱ्यातली, पाठीला भिंत मिळेल अशी जागा हैबतरावांची असे.

हैबतराव हे गावातले मोठे खातेदार. वय पंचावन्न, मिशा भरघोस, तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. दात शाबूत असणं हा आपला काहीतरी गुण आहे असं त्यांना वाटे. भल्या पहाटे घोंगडी पांघरून ते कट्ट्यावर येऊन बसत आणि दाढ निघताना माणूस जसा ओरडेल तसं त्याला नाव देत. ते नाव मग सातबाऱ्यावरच्या नावापेक्षा जास्त चाले. त्यांचा बालमित्र कोंडिबा सव्वीस वर्षांपूर्वी असा काही ओरडला की गावातली कोंबडी वेळेआधी जागी झाली. तेव्हापासून तो 'आरवण्या'. दुसरा एक जण चिमटा तोंडात तसाच लोंबत ठेवून ओढ्यापर्यंत पळाला, तो 'चिमटेबहाद्दर'. तुळजाबाई नावाच्या म्हातारीनं भिकूचं बोट रक्त निघेपर्यंत चावलं, पण तिला हैबतरावांनी नाव ठेवलं नाही. तिची दाढ गेली होती, जीभ जागेवर होती.

असा तीस वर्षांचा हा कारभार. आणि ज्या साली पलीकडं धरणाचं काम जोरात होतं, त्या सालच्या मार्गशीर्षात हैबतरावांची डावी खालची दाढ दुखायला लागली.

पहिल्या दिवशी त्यांनी ती सुपारी अडकली म्हणून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी ते उठून बसले आणि डोकं भिंतीला टेकून राहिले. कुणीतरी दाढेत पहार घालून ती कानाच्या बाजूनं उचकटतंय असं त्यांना वाटत होतं. उजाडलं, न्याहारी झाली, तरी पहार चालूच. दुपारचं जेवण झालं आणि कळ जरा उतरली. दिवस कलला तेव्हा ते खळ्यावर उभे राहून गड्याशी भाताच्या पेंढ्यावरून हुज्जत घालत होते आणि आपल्याला दाढ आहे हेच विसरले होते. बरं वाटलं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या पहाटे पहार परत आली.

असे आठ दिवस गेले. रोज दुपारी हैबतराव बरे होत आणि रोज पहाटे मरणाची तयारी करत. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की चावडीचा कट्टा, चार बोटं, चिमटा. आणि समोर चाळीस माणसं, त्यांतली निम्मी हैबतरावांनी नावं ठेवलेली. हैबतरावांना चिमट्याचं भय कमी होतं. आपल्या तोंडून नेमका कसला आवाज निघेल, याचं भय जास्त होतं. कोंबडा होऊन गेला, बोकड होऊन गेला, पण गावाकडं अजून पुष्कळ जनावरं शिल्लक होती.

त्यांच्या पत्नीनं, चंद्राबाईंनी, काही विचारलं नाही. घरात लवंगा संपल्या तेव्हा त्यांनी नव्या आणल्या आणि तिसऱ्या दिवसापासून भाकरी दुधात कुस्करून ताटात वाढायला सुरुवात केली.

"भाकरी अशी का?" हैबतराव.

"पीठ जून हाय," चंद्राबाई म्हणाल्या. स्वतःच्या ताटातली भाकरी त्या कडाकडा मोडून खात होत्या.

त्याच सुमाराला देशावरून म्हसू धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, हैबतरावांच्या भाताच्या खाचरात उतरला. दर साली भात निघालं की म्हसू आणि त्याची बायको बानूबाई मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेनं जात, आणि जाता जाता हैबतरावांच्या रानात आठ-दहा रात्री मेंढरं बसवत. रानाला खत मिळे, धनगरांना धान्य. हैबतराव तिसऱ्या प्रहरी तिकडं चक्कर टाकायला गेले. हल्ली त्यांची सगळी कामं तिसऱ्या प्रहरीच निघत.

बानूबाई कोकरांच्या कानाला खूण करत बसली होती. ज्याच्या-त्याच्या मेंढराची खूण वेगळी. म्हसूच्या घराची डाव्या कानाला दोन खाचा. कोकरू मांडीत दाबायचं, सुरीनं खच्‌ खच्‌ करायचं, वर हळद आणि राख लावून सोडायचं. कोकरू एकदा बें करी, कान झाडी आणि चार पावलांवर जाऊन गवताला तोंड लावी.

हैबतरावांनी पाच-सहा कोकरं बघितली.

"बानूबाई, हे सकाळच्या गारव्यात का करत न्हाईस? उन्हाचं कशाला?"

"सकाळच्याला केलं तर दिसभर वरडत्यात, मालक," बानूबाई मान वर न करता म्हणाली. "दूधबी पीत न्हाईत. तीच सुरी, तोच कान. पण दिस कलला की त्यांला तेवढं लागत न्हाई. माझी सासू असंच करायची. मला वाटलं, म्हातारीचं खूळ. येकदा सकाळी दहा केली आन् दुपारी दहा केली. सकाळची दहा अशी वरडली की ह्यो म्हसू घोंगडं घेऊन डोंगरावर गेला."

"लई वरडली," म्हसूनं चिलीम बाजूला करून साक्ष दिली.

"मेंढरांचं असंल तसं," हैबतराव म्हणाले.

"मानसाचं काय येगळं हाय? माझ्या चार पोरांचं कान म्या टोचलं. पहिलीचं सकाळी टोचलं, ती आजून सांगती. बाकीच्या तिघांला याद न्हाई." तिनं सातवं कोकरू सोडलं आणि पहिल्यांदा हैबतरावांच्या तोंडाकडं बघितलं. "कंची दाढ? खालची का वरची?"

हैबतरावांनी मागं वळून बघितलं. जवळ मेंढरं सोडून कुणी नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"मगाधरनं उजव्या बाजूनं बोलताय की."

हैबतराव तडक घरी आले. आता, ते काही कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्यांतले नव्हते. आणि मेंढरांचं ऐकून दाढेचा निर्णय घेतला असं कुणी म्हटलं असतं तर तेही त्यांना चाललं नसतं. त्यांनी कडुनिंबाची एक काडी घेतली, चुलीतला कोळसा घेतला आणि माजघरातल्या भाताच्या कणगीमागं गेले. दाढेवर काडीनं एक ठोका, सगळे ठोके सारख्याच जोराचे. जेवढं दुखेल तेवढ्या भिंतीवर रेघा. वेळेची अडचण नव्हती. धरणाच्या कामावरचा भोंगा सकाळी सातला, बाराला, तीनला पाळी बदलताना आणि संध्याकाळी वाजे, आणि वारा तिकडून असला की माल्यात नीट ऐकू येई. भोंग्याच्या आधीची पहाट कळायला दाढ होतीच.

पहाट : पाच रेघा, आणि पाचवी कोळसा मोडून वाकडी गेलेली. सातचा भोंगा : चार. बाराला दोन. तीनला एक, तीही आखूड. संध्याकाळी पुन्हा दोन. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी रविवार होता, धरणाचं काम बंद, भोंगा वाजला नाही. हैबतरावांना वाटलं, आज दाढेलाही सुट्टी असेल. पण पहाटे पाच रेघा झाल्या आणि दुपारी, वेळ विचारायला कुठं जायची गरज न पडता, एक झाली. बाहेरचा भोंगा बंद पडला तरी अंगातला चालू असतो, एवढं त्यांना त्या कणगीमागं कळलं.

रात्री चंद्राबाई भात काढायला गेल्या आणि दिवा तसाच धरून उभ्या राहिल्या.

"अवं, हितं कोळशाच्या रेघा कुणी वढल्या?"

"म्या. उंदरं मोजतोय."

"पहाटं पाच आन् दुपारी येकच?"

"दुपारी झोपत्यात."

"व्हय," चंद्राबाई म्हणाल्या आणि सूप भरून बाहेर आल्या. थोड्या वेळानं चुलीपाशी त्यांच्या खांद्यांची हालचाल झाली, ती कशानं ते हैबतरावांनी विचारलं नाही.

सोमवारी दुपारी हजामतीला भिकू आला. एका गालाचं आटोपून वस्तरा डाव्या गालाकडं वळला तसे हैबतराव म्हणाले, "भिकू, हळू. तिथं दाढ हाय. काढायची हाय."

भिकूनं वस्तरा पुसला. त्याच्या तोंडावर दुःख होतं, पण ते नीट बसलेलं नव्हतं. "लई वाईट झालं, मालक. गुरुवारी पहाटं या कट्ट्यावर."

"गुरुवारी येतो. तिसऱ्या प्रहरी."

"तसं न्हाई चालायचं. नेम हाय. दिस उगवायच्या आत काढली न्हाई तर मूळ आत ऱ्हातं. माझा बा सांगायचा."

"का ऱ्हातं?"

"नेमाला का नसतं, मालक."

"भिकू, तुझा बा माझ्या डोळ्यांसमोर गेला. त्याला म्या खांदा दिलाय. खरं सांग."

भिकू बराच वेळ वस्तरा चामड्यावर घासत राहिला. वस्तरा आधीच धारदार होता.

"कुणाला सांगणार न्हाई?"

"न्हाई."

"बा दुपारपासनं घ्यायचा," भिकू खाली बघत म्हणाला. "दुपारनंतर त्याला येका दाढंच्या दोन दिसायच्या. त्या गड्याची चांगली दाढ काढली न्हाई का, ती अशीच दुपारची गोष्ट. दुसऱ्या दिशी बानं नेम केला. पहाटं तेवढा त्यो शुद्धीवर असायचा."

हैबतराव अर्ध्या दाढीनिशी त्याच्याकडं बघत राहिले. कट्ट्यावरच्या तीस वर्षांच्या पहाटा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या, एकेक आवाजासकट.

"आन् त्यापायी समदं गाव पहाटं वरडतंय?"

"चाळीस वर्सं झाली आसतील."

"पर तू तर घेत न्हाईस."

"थेंब न्हाई. पर बाचा नेम मोडवंना."

"मोड," हैबतराव म्हणाले. "आन् डाव्या बाजूची दाढी ऱ्हाऊ दे आज."

अर्धी दाढी केलेला खातेदार बघितल्यावर गावाला निराळी दवंडी लागली नाही. हैबतरावांची दाढ निघणार, आणि तीही दुपारी. दुपारची का, यावर फार कुणी डोकं चालवलं नाही. बड्या माणसाला पहाटे उठवत नसेल. कोंडिबा मात्र तीन दिवस रानात कामाला गेला नाही. तो नावं जुळवत होता.

गुरुवारी दुपारी कट्ट्यावर चाळीस नव्हे, ऐंशी माणसं होती. काही मंडळी थेट पौडाहून आली होती. कोंडिबा उजव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, हैबतरावांच्या जागेवर बसला होता आणि त्यानं घोंगडी पांघरली होती. उन्हाचा घाम त्याच्या कानावरून गळत होता, पण घोंगडी त्यानं काढली नाही.

"ये हैबती," तो प्रेमानं म्हणाला. "ये. सव्वीस वर्सं वाट बघितली."

चार साक्षीदार ठरले : कोंडिबा, तुळजाबाई, म्हसू धनगर आणि चिमटेबहाद्दर. तुळजाबाईचं बोट मिसरीचं होतं, म्हसूचं मेंढरांचं. कोंडिबानं आपलं बोट गरजेपेक्षा जास्त वेळ आत ठेवलं.

"ही का ही, कळंना," तो म्हणाला. "उजेड उलटा पडतोय. म्या म्हनतो, घाई कशाला? उद्या पहाटं करू की. पहाटं कसं, समदं साफ दिसतं."

उद्याची पहाट म्हणजे पाच रेघा. हैबतरावांनी सूर्याकडं बघितलं. तो ठीक जागेवर होता, पण त्याला कट्ट्यावर बांधून ठेवण्याची सोय नव्हती.

"काय न्हाई पहाट-बिहाट," तुळजाबाई म्हणाली. "हीच दाढ. जरा हलतीया बी. आरवण्या, बोट काढ भाईर."

पलीकडून तीनचा भोंगा वाजला. भिकूनं तोंडातल्या तोंडात बापाची क्षमा मागितली आणि चिमटा आत घातला. दोघांनी हैबतरावांचे खांदे धरले. गर्दीतल्या बायकांनी पोरांचे कान झाकले. एकदम इतकं शांत झालं की मागं बांधलेल्या बैलाचं रवंथ करणं ऐकू येत होतं.

हैबतरावांनी डोळे मिटले आणि कणगीमागची ती आखूड रेघ आठवली.

चिमटा दाढेला भिडला. एक पीळ डावीकडं, एक उजवीकडं. दुखलं. दुखलं नाही असं सांगणं खोटं होईल. रानात पायात बाभळीचा काटा मोडावा आणि तो काढावा, तेवढं दुखलं. पहाटेची ती पहार येईल म्हणून ते वाट बघत राहिले. ती आली नाही. काहीतरी कर्र वाजलं.

"हं," हैबतराव म्हणाले.

भिकूनं चिमटा वर धरला. त्यात दाढ होती, मुळासकट.

ऐंशी माणसं अजून वाट बघत होती. मागून कुणीतरी विचारलं, "सुरू कवा हुनार?" तुळजाबाई म्हणाली, "झालं बी." तेव्हा जो सुस्कारा उठला, तो पाहुण्यांसाठी पंगत मांडावी आणि पाहुणे जेवून आलोय म्हणाले तर उठतो तसा होता. हैबतराव मिठाच्या पाण्यानं चूळ भरत होते. अंगावरून दोन मणांचं ओझं कुणी उतरवून न्यावं तसं त्यांना वाटत होतं.

कोंडिबा घोंगडी काढून उभा राहिला. तीन दिवसांची मेहनत फुकट गेली होती, पण तो दिलदार माणूस होता.

"हैबती," तो म्हणाला, "मानलं. छातीचा कोट हाय तुझा. आमची मनं कच्ची, आमी वरडलो. तू मन घट्ट केलंस."

गर्दीतून माना हलल्या. हैबतरावांना फक्त गप्प बसायचं होतं. एवढं केलं असतं तर मर्द म्हणून त्यांचं नाव पुढच्या तीन पिढ्या चाललं असतं, आणि तोंडात कापूस असल्यामुळं गप्प बसायला सबबही होती. त्यांनी बघितलं तर कट्ट्याच्या खाली बानूबाई उभी होती. तिच्या काखेत एक कोकरू होतं, डाव्या कानाला ताज्या दोन खाचा. ते कान झाडत होतं आणि तिच्या लुगड्याचा काठ चघळत होतं.

हैबतरावांनी कापूस काढला.

"मन-बिन काय घट्ट केलं न्हाई," ते म्हणाले. "त्या कोकरानं कुटं मन घट्ट केलं हुतं? त्याला कुणी सांगितलं बी न्हवतं. पहाटं दुखनं लई आसतं, दिस कलला की कमी. अंगाचाच तसा भोंगा हाय. म्या पंधरा दिस भोगलंय, तीन दिस मोजलंय."

कोंडिबाला ते आत उतरायला थोडा वेळ लागला.

"मंजे माझी दाढ..."

"पहाटंची हुती. दुपारी काढली आसती तर तूबी हं केलं आसतंस."

"सव्वीस वर्सं मला आरवण्या म्हनतोयस तू."

"आजपासनं न्हाई म्हननार. कुनीच म्हनायचं न्हाई."

कोंडिबानं घोंगडीची घडी घातली, ती मोडली आणि परत घातली. "आता ऱ्हाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "नातवाला शाळंत आरवण्याचा म्हनूनच वळखत्यात. मास्तर घोटाळ्यात पडंल. पर तू म्हनलास, ते बरं झालं." आणि उजव्या कोपऱ्यातून बाजूला सरकून त्यानं हैबतरावांना भिंत दिली.

तेवढ्यात तुळजाबाईला नको तो प्रश्न सुचला. "मग पहाटंचा ह्यो नेम केला कशापायी, भिकू, तुझ्या बानं?"

ऐंशी तोंडं भिकूकडं वळली. भिकू खाली मान घालून चिमटा पुसायला लागला. हैबतरावांनी त्याच्याकडं बघितलं आणि परत तुळजाबाईकडं.

"माझ्यामुळं," ते म्हणाले. "मला पहाटंची सवड आसायची. ऐकायला."

गाव हसलं, आणि पोटभर हसलं. पहिल्यांदाच कट्ट्यावर हैबतरावांवर हसू झालं होतं, आणि त्यांना वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही. दिवस कलला होता, म्हणूनही असेल.

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी सवयीनं त्यांना जाग आली. डोकं भिंतीला टेकवून ते पहारेची वाट बघत बसले. जिभेला एक मऊ खड्डा लागला, त्यात थोडी ठणक होती, घरात लहान मूल झोपेत कुरकुरावं एवढी. बाकी काही नाही. बाहेर बानूबाईची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागल्याचा आवाज येत होता. हैबतराव तिथंच आडवे झाले आणि सातचा भोंगा त्यांना ऐकू आला नाही.

आठव्या दिवशी चंद्राबाईंनी त्यांच्या ताटात अख्खी भाकरी वाढली, चांगली खरपूस, कडेला जरा करपलेली. मग त्या पोतेरं घेऊन कणगीमागं गेल्या आणि भिंत पुसायला लागल्या.

"उंदरं गेली वाटतं," त्या आतून म्हणाल्या.

"गेली," हैबतराव भाकरी मोडत म्हणाले, "येकच हुतं."